अकरा फुटांचा सैतान

पवनी
१२ नोव्हेंबर २००३

बाई,

तुझ्या पायांना नमस्कार. भाऊबीजेला तू पाट मांडला असशील आणि दुपारच्या एसटीपर्यंत दाराकडे पाहत बसली असशील, हे मला ठाऊक आहे. मी आलो नाही. मागच्या वर्षीही आलो नव्हतो. दोन्ही वर्षांचं आज एकदमच लिहितो, म्हणजे एकाच पत्रात लाज वाटून जाईल.

कारण तुला माहीत आहेच. बाप्तिस्मा घेतल्यापासून ओवाळणं, टिका, कुंकू हे माझ्यासाठी बंद झालं. आमच्या पास्टरांची तशी मनाई आहे. श्रावण पास्टर तसे मऊ माणूस, पण सैतानाच्या बाबतीत फार जागे. ते सांगतात, सैतान शिंगं लावून दारात उभा राहत नाही, आपल्याला जे गोड वाटतं त्याच्या मागून येतो. मला तुझ्या हातच्या करंज्या गोड वाटतात. आता तूच सांग, मी काय करावं.

माझी लढाई रोज चालू आहे. परवा पाटी रंगवताना शिडी घसरली, मी ओळखलं की हा सैतान. पिवळ्या रंगाचा डबा वाळून दगड झाला, सैतान. एका किराणा दुकानाची पाटी उलटी टांगली गेली आणि गिऱ्हाइकांनी दिवसभर मान वाकडी करून वाचली, तोही सैतानच. पास्टरांना हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ते म्हणाले, "तुलाराम, सगळंच त्याच्या नावावर नका टाकू. डब्याचं झाकण तुम्हीच उघडं ठेवलं होतं." मी मान हलवली, पण मनातून पटलं नाही.

हसू नको. दारू सुटली ती याच लढाईत. जिल्हा फुटला ते वर्ष आठवते ना? 'जिल्हा भंडारा' खोडून 'जिल्हा गोंदिया' लिहायचं काम मला सहा महिने पुरलं आणि त्यातला एक दिवसही मी शुद्धीत नव्हतो. एका गावात फक्त 'जिल्हा' लिहून त्याच पाटीखाली झोपलो होतो. गावकऱ्यांनी दोन दिवस वाट पाहिली की आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत ते हा उठून सांगेल. त्या माणसाला तूच सिहोऱ्याला नेऊन महिनाभर जेवू घातलंस. आता जानेवारीत तीन वर्षं होतील, थेंब नाही. हे माझ्याने झालं नाही, बाई. प्रार्थनेने झालं, एवढं मी हसण्यावारी नेणार नाही.

नवी बातमी. नाताळासाठी आमच्या प्रार्थनाघरात मागे लावायला मोठा पडदा रंगवतो आहे. याकोबाच्या पत्रातलं एक वचन त्यावर लिहायचं आहे. मतलब असा की, देवाच्या स्वाधीन व्हा, सैतानाला अडवा, म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल. पास्टरांना नुसती अक्षरं आणि एक दिवा पाहिजे होता. मी म्हटलं, सैतानच दिसला नाही तर लोक अडवतील कोणाला? वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी मी पंधरा वर्षं राजवाडे आणि जंगलं रंगवली, मला दिवा काढायला सांगणं म्हणजे अपमानच. शेवटी ते हो म्हणाले.

भाऊजींना नमस्कार सांग. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत ते रंगाच्या डब्याचं जे बोलले होते, ते मी कधीच विसरलो आहे, असंही सांग. किंवा राहू दे. विसरलेल्या गोष्टीचं काय सांगायचं.

तुझा,
तुलाराम

*

सिहोरा
२ डिसेंबर २००३

मामाजी, नमस्कार. आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे. ती बोलते तसंच लिहायचं असा तिचा हुकूम आहे, शुद्ध केलं तर रागावते. इथून पुढे आई.

तुलाराम, तुझं पत्र खुशबूनं दोनदा वाचून दाखवलं. तुमचा सैतान आमच्या घरी काहून येईल रे? आमच्या घरी त्याले ओळखते कोण? तो बिचारा दारातूनच परत जाईल.

दुसरी गोष्ट. बाप्तिस्मा झाल्यावर पहिल्या दिवाळीले तू आलता. पाटावर बसलता, टिका लावून घेतलता, सात करंज्या खाल्ल्या आन दोन खिशात नेल्या. तवा पास्टरची मनाई कुठी गेलती? मी मोजत नाही, पण करंज्या मीच तळल्या होत्या, म्हणून ध्यानात आहे.

आता कामाचं ऐक. खुशबूचं लग्न जमलं. पोरगा करडीचा, योगेंद्र नाव, शांत आहे, शेती पाहते आन कृषी केंद्रात बसते. तारीख बावीस फेब्रुवारी. मांडव आपल्याच दारात. आता तुले सांगाले नाही पाहिजे, की पोरीले मांडवात मामा आणते आन मंगलाष्टकं होतपर्यंत मामाच मागं उभा राहते. पिवळं लुगडं मामाचं. तिले मामा एकच आहे. माय गेली तवा तू चार वर्षाचा होतास, तुले कडेवर घेऊन मी धानाच्या बांध्यांवरून फिरली. माझ्या मायेरचं म्हणून त्या मांडवात दुसरं कोण राहीन? तू नाही आलास त माझी पोट्टी मागून उघडी दिसन. येतो म्हणून लिव.

तुझी बाई

मामाजी, हे माझं. मला रंग फार गडद नको. आणि आई हे सांगताना दोनदा उठून आत गेली, म्हणून मध्ये शाई बदललेली दिसेल.

खुशबू

*

पवनी
१५ डिसेंबर २००३

बाई,

खुशबूचं जमलं हे वाचून मला इतका आनंद झाला की मी शिडीवरून उतरून पुन्हा चढलो. योगेंद्रचं नाव मी प्रार्थनेत घेतो आहे.

पण मांडवाचं अवघड आहे. तिथे पूजा असेल, होम असेल, मला हात जोडायला सांगतील, आणि मी माणसांसमोर नाही म्हणू शकत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. सैतानाने जाळं किती नेमकं टाकलं आहे पाहा. दुसऱ्या कोणाच्या लग्नात नाही, माझ्या खुशबूच्या लग्नात. पास्टरांची मनाई आहे. लुगडं मी पाठवतो, पिवळं, फिकं. उभं राहायला भाऊजींच्या नात्यातलं कोणी पाहा. पहिल्या दिवाळीच्या करंज्यांबद्दल एवढंच म्हणतो की तेव्हा मी विश्वासात कच्चा होतो.

पडदा झाला. सैतान जमला आहे, बाई, असा जमला आहे की मीच त्याच्याकडे पाठ करून जेवत नाही. आधी सात फूट ठरवला होता. मग वाटलं, खांदे थोडे रुंद हवेत. खांदे वाढले तर उंची वाढवावी लागली, उंची वाढली तर शिंगं वाढली. आता अकरा फूट आहे. वचनाला जागा कमी पडली म्हणून थोडं आखूड केलं, पण मुख्य भाग आला आहे. चेहऱ्यासाठी मी कोणाला समोर बसवलं नाही. ब्रश घेतला आणि चेहरा आपोआप उतरला, जणू हाताला आधीपासून पाठ होता. पास्टर पाहून म्हणाले, "फारच जिवंत आहे." मी तीन दिवस त्या एका वाक्यावर जगतो आहे. गर्व सैतानाकडून येतो हे माहीत आहे, पण चित्रही त्याचंच आहे, तेव्हा थोडा चालून जाईल.

भाऊजींना सांग की माझ्या न येण्याचा त्या डब्याच्या गोष्टीशी काही संबंध नाही. मला ती आठवतसुद्धा नाही.

तुलाराम

*

सिहोरा
५ जानेवारी २००४

तुलाराम, लुगडं पोचलं. रंग बरा आहे. भूषणले उभा करू, ह्यांच्या चुलतभावाचा पोरगा आहे तो. वयानं लहान आहे, पण उभा राहाले वय लागत नाही. करडीच्या लोकांनी विचारलं त सांगू मामा दूर राहते. तू आपली प्रार्थना कर. आणखी काही सांगाचं नाही.

बाई

मामाजी, आई पाणी भरायला गेली आहे, म्हणून पटकन लिहिते. तिला यातलं काही माहीत नाही आणि तुम्ही सांगू नका.

नाताळ झाल्यावर दोन दिवसांनी बाबा पवनीला गेले होते. आईला सांगितलं बियाण्याच्या कामाला जातो. खरं म्हणजे खिशात लग्नाची पत्रिका होती, पहिली छापून आलेली, हळद लावलेली. तुम्हाला स्वतःच्या हाताने द्यायची होती. म्हणाले होते, "मीच जाऊन म्हणतो चल, मंग कसा नाही येत." संध्याकाळी परत आले ते पत्रिका घेऊनच. मी विचारलं मामाजी भेटले नाहीत का, तर म्हणाले, "प्रार्थनाघराचं दार उघडं होतं. आत पडदा होता. मी पडद्यावर मलेच पाहिलो." मला वाटलं गंमत करत आहेत. मग त्यांनी नाकावरच्या चामखिळीला हात लावला आणि उजव्या बाजूने वर वळलेल्या मिशीला हात लावला आणि म्हणाले, "शिंगं सोडून सगळं माझंच आहे." आणि जेवले नाहीत.

तुम्ही मुद्दाम काढलं असेल असं मला वाटत नाही. पण काढलं आहे का, तेवढं एकदा नीट पाहा.

खुशबू

*

पवनी
१४ जानेवारी २००४

आदरणीय भाऊजी,

हे पत्र तुम्हाला आहे, बाईला नाही. तिला मग तुम्हीच वाचून दाखवा, किंवा चुलीत टाका. दोन्हीला मी लायक आहे.

आधी नाताळाचं सांगतो, कारण माझी फजिती तिथूनच सुरू झाली. त्या दिवशी सभा सुटल्यावर मी दाराशी उभा राहिलो. निरोप द्यायला उभा आहे असं दाखवत होतो, खरं म्हणजे पडद्याची स्तुती गोळा करत होतो. आमच्यात चंद्रभागाबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिला अक्षर येत नाही आणि आता दिसतही कमी, पण ऐकलेलं वचन तिच्या डोक्यातून हलत नाही. ती म्हणाली, "पडद्यावर काय लिवलंस ते वाच बरं." मी नाटकातला आवाज लावून वाचलं की सैतानाला अडवा, म्हणजे तो पळून जाईल.

ती म्हणाली, "आन याच्या आधीचं?"

मी म्हटलं, "मावशी, आधीचं राहिलं. जागा नाही उरली."

"काहून नाही उरली?"

"सैतान मोठा झाला."

ती म्हणाली, "म्हणजे देवाच्या स्वाधीन होणं कापलंस आन सैतान राखलास. मंग आता पळून जाईल कोण बापा, तूच पळ." अख्खी मंडळी हसली. पास्टर इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मीही हसलो, आणि घरी येऊन ठरवलं की म्हातारीला सैतानाने पाठवलं होतं.

हे ठरवून मी पंधरा दिवस सुखात होतो. मग मला कळलं की तुम्ही येऊन गेलात. कसं कळलं ते विचारू नका. भर दुपारी प्रार्थनाघरात गेलो, पडदा खाली उतरवला आणि जमिनीवर पसरून चेहऱ्यापाशी गुडघ्यावर बसलो. चामखिळीला बोट लावून पाहिलं. मनात आशा होती की रंगाचा थेंब उडाला असेल. थेंब नव्हता. बारीक ब्रशने, डावीकडून उजेड धरून, खाली सावली देऊन काढलेली चामखीळ होती. एवढ्या प्रेमाने मी कोणाचं काही काढलेलं नाही. मिशी तुमची, भुवया तुमच्या, आणि मंडईत ते वाक्य बोलताना तुमची मान जशी मागे गेली होती, तशीच मान. ते वाक्य मी विसरलो आहे असं बाईला प्रत्येक पत्रात लिहीत होतो. तेव्हाच कोणीतरी मला थोबाडीत द्यायला हवी होती.

तुम्ही म्हणाला होता, "रंग तोच आहे, डबा फक्त बदलला." चार लोक हसले, तुम्ही पुन्हा म्हणालात, पुन्हा हसले. मला ते लागलं, भाऊजी. आदल्या दिवशी मी तुमच्याच घरी टिका लावून घेतला होता आणि मला काही झालं नव्हतं. त्या वाक्यानंतर मात्र टिका पाप झाला, करंजी मोह झाली आणि सिहोऱ्याची एसटी सैतानाची गाडी झाली. माझा राग होता. त्याला मी धर्माचा अंगरखा घालून दोन वर्षं गावभर फिरवला, आणि लोक त्याला नमस्कार करत होते.

अजून एक आहे आणि ते जास्त वाईट आहे. पास्टरांची मनाई आहे असं मी लिहीत आलो. पास्टरांना मी एकदाही विचारलं नव्हतं. भीती होती की ते जा म्हणतील. सोमवारी विचारलं. ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "दोन वर्षं तुम्ही माझ्या नावावर बहिणीला रडवलं, तुलाराम." मग म्हणाले, "पूजेत हात जोडणं तुमच्या मनाला पटत नसेल तर जोडू नका, पण ते बहिणीला आधी सरळ सांगा. पोरीच्या मागे उभं राहण्याच्या आड कोणतं वचन येतं ते मला दाखवा, मी तुमच्यासोबत शोधतो." आम्ही शोधलं नाही. दोघांनाही माहीत होतं की सापडणार नाही.

निघताना ते म्हणाले, "सैतानाचं एक नाव आरोप करणारा असं आहे. तुम्ही ते काम त्याच्याकडून स्वतःकडे घेतलं होतं. त्याला अडवायला तुम्ही नेहमी पुढे असता. वाकायची वेळ आली की तुमची जागा संपते." घरी येऊन बराच वेळ रडलो. शिडी घसरली म्हणून नाही, माझ्या बाईने दोन वर्षं रिकामा पाट पाहिला म्हणून.

आता विचारतो. भूषणला सांगून झालं नसेल तर बावीस तारखेला खुशबूच्या मागे मला उभं राहू द्या. होमाला आणि पूजेला मी हात जोडणार नाही, हे आधीच सांगतो, मांडवात ऐन वेळी चेहरा पाडून उभा राहणार नाही. अक्षता टाकीन की नाही याबद्दल माझं माझ्याशीच भांडण चालू आहे, निकाल लागला की कळवतो. तुम्ही नाही म्हणालात तर ते बरोबरच असेल, मी रस्त्यावर पाहुण्यांना पाणी देईन.

पडद्याला पांढरा हात द्यायला घेतला आहे, वचनाच्या पहिल्या अर्ध्यासाठी. शिंगं गेली, कपाळ गेलं. नाकाशी येऊन थांबलो आहे. तुम्हाला न विचारता ते पुसणं म्हणजे दुसऱ्यांदा अपमान होईल असं वाटतं.

मला माफ करा.

तुमचा,
तुलाराम

*

सिहोरा
२४ जानेवारी २००४

तुलाराम,

हे पोस्टकार्ड आहे, जागा कमी आहे, म्हणून मी तुझ्यासारखं लांबवत नाही. पडदा पाहून राग आला, खोटं कायले बोलू. भंडाऱ्यापर्यंत राग होता. तुमसर येतपर्यंत मंडई आठवली. तुले दारू सोडून दहा महिने झाले होते आन मी चार लोकांत तुले डबा म्हटलो. पहिल्यांदा म्हटलो ती मस्करी होती. लोक हसले म्हणून दुसऱ्यांदा म्हटलो, ते वाईट होतं. ते मलेही दोन वर्षांपासून माहीत आहे. माफी मागाले पवनीले आलतो, पत्रिकेचं नुसतं निमित्त होतं.

भूषणले सांगितलं, खाली बस, मामा उभा राहते. हात जोडू नको, कोणी काही म्हणणार नाही, म्हटलं त मी आहे. नाक पुसू नको. पडदा सोबत आण. पुऱ्या सिहोऱ्यात माझं एवढं मोठं चित्र कोणी काढलं नाही.

भैय्यालाल

*

सिहोरा
९ मार्च २००४

तुलाराम,

हे मीच लिवून राहिली. खुशबू करडीले गेली, आता सांगू कोणाले. अक्षर अक्षर लावून वाचता येते मले, लिवाले हात चालत नाही. दोन दिवस झाले लिवाले बसून. अक्षर हसशीन त हस. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तूच शिकवलं होतं मले. तू आठ वर्षाचा होतास आन मास्तरसारखा ओरडत होतास.

तुझं पत्र भेटलं. लिवतोस की मांडवात रडलो नाही, डोळ्यात चुना गेलता. आमच्या मांडवात चुना नव्हता. पुऱ्या गावानं पाहिलं. खुशबू नाही रडली, मी नाही रडली, तूच रडलास, आन खुशबूनं मागं हात करून तुझा हात धरला. करडीच्या बाया म्हणे मामा लय जीव लावते. मी म्हटली, लावते, पण उशिरा.

ह्यांचा पडदा घरी ठेवूनच गेलास ते बरं केलं. लग्नाच्या दिवशी त्याच्यापाशी उभे राहून फोटो काढले त्यायनं, पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवलं, हा मी आहे म्हणून. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा राहून गेलेला ब्रश घेऊन स्वतःच नाकावर पांढरं ओढलं. मले म्हणे, आता पाहून झालं. आता तू येऊन त्याच्यावर लिव जे लिवाचं राहिलं ते, आन घेऊन जा तुमच्या प्रार्थनाघरात. म्हातारी वाट पाहत असन. पहिलं अर्ध काय आहे ते मी ह्याइले विचारलं. देवापुढं वाकाचं, एवढंच आहे म्हणे. ते त आमच्याकडंही आहे.

अक्षतांचं तू काही लिवलं नाहीस. निकाल कळवतो म्हणलास, आन गप्प बसलास. भूषण म्हणते मामाची मूठ शेवटपर्यंत बंदच होती. मी त्याले म्हटली, तू तुझी मूठ पाह्य. मी पाहिलं नाही तुलाराम. सगळे तांदूळ टाकत होते तवा मी मुद्दाम दुसरीकडं पाहिली. तुले जे करायचं ते मोकळ्या मनानं करता यावं म्हणून.

आता दिवाळीचं. अजून खूप दिवस आहेत, पण मी आत्ताच लिवते, म्हणजे तुले बहाणा शोधाले वेळ नाही राहाचा. भाऊबीजेले ये. मी दिवा लावणार नाही, टिका लावणार नाही, ताट हातात घेणार नाही. पाट मांडीन. त्याच्यावर बस, करंज्या खा, आन जा.

दोन वर्ष मी त्या पाटावर कोणाले बसू दिलं नाही.

बाई